आवशीची हाक

वैजूला एक आवाज ऐकायचा होता, आणि तो माणसाच्या कानाला ऐकू येण्यातला नव्हता. म्हणून ती भावाकडे आली.

भाऊ म्हणजे रत्नाकर गवस. दोडामार्गाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी सोनवळ नावाचं गाव; तिथं त्याची पत्र्याची शेड होती. पूर्वी तो जत्रांना आणि लग्नांना साउंड पुरवायचा. मोठ्या आवाजावर कायमची बंदी आली तेव्हा त्याचे स्पीकर कोपऱ्यात जाऊन पडले आणि त्यानं सीएनसी राऊटर आणला. पलंगाएवढं लोखंडी टेबल, त्यावर रुळांवरून सरकणारा दांडा आणि दांड्याला गरगर फिरणारं पातं. संगणकात आकृती काढून द्यायची, पातं ती प्लायवुडच्या तक्त्यातून जशीच्या तशी कापून काढायचं. कपाटं, देवघरं, शाळेचे बाक यांवर त्याचं बरं चाललं होतं. लग्न करायचं राहून गेलं होतं. आई-बाप लवकर गेले, धाकट्या वैजूला त्यानंच वाढवली, शिकवली आणि खिंडीपलीकडच्या किंजळवाडीत लवू नाईकाला दिली.

वैजू हत्तींच्या आवाजावर काम करणाऱ्या एका संशोधन गटात नोकरीला होती. या डोंगरात हत्ती मूळचे नव्हेत. घाटावरून ते कधीतरी उतरले आणि केळीच्या, सुपारीच्या बागा बघून इथलेच झाले. पहिल्या वर्षी लोकांनी त्यांच्या पावलांच्या ठशांवर जास्वंदी वाहिल्या. पुढं कोणी वाहिल्या नाहीत. कळपाच्या म्हाताऱ्या मादीला मात्र दोन्ही गावं अजून ‘आवस’ म्हणायची. आवस म्हणजे आई.

रानात झाडांवर ठिकठिकाणी काळ्या डब्या बांधल्या होत्या. लोक त्यांना ‘कान’ म्हणत. रात्रंदिवस त्या हत्तींचं बोलणं टिपायच्या आणि वैजूच्या लॅपटॉपवर पाठवायच्या. कित्येक वर्षांची अशी ध्वनिमुद्रणं संगणकानं चाळली आणि हत्तींच्या बोलण्यातले थोडे शब्द नक्की झाले. कळपातल्या प्रत्येकाला हाक मारायचं वेगळं नाव असतं. पिल्लाला जवळ घ्यायचं एक बोलणं असतं. आणि सगळ्यांत स्पष्ट म्हणजे ‘चला’. कळप हलवायचा झाला की म्हातारी मादी जायच्या दिशेला तोंड करून उभी राहते आणि एक लांब, खोल हुंकार देते. मग बाकीचे निघतात. एवढ्या लांबवर पसरलेला कळप एकाच वेळी कसा निघतो, हे कोडं त्यातून सुटलं होतं.

वैजूनं ही हाक पडद्यावरची निळी रेघ म्हणून हजारदा पाहिली होती. ऐकली एकदाही नव्हती.

“फोनवर लाव मगे,” रत्नाकर म्हणाला.

“फोनवर नाय येवचो तो आवाज. म्हणानच तुझ्याकडे इलंय.” तिनं शेडच्या कोपऱ्यातल्या, धूळ बसलेल्या स्पीकरांकडे बोट केलं. “शाळेतल्या पोरांका दाखवचा आसा माका. हत्ती म्हटला की ती पोरा फटाके शोधतत. तो कसो बोलता ता एकदा आयकतली, तर माणूस वाटात तेंका.”

रत्नाकर हसला. पण तिनं जे मागितलं होतं ते त्याच्या डोक्यात शिरलं आणि बाहेर पडेना.

माणसाचा कान सेकंदाला वीस कंपनांच्या खालचं काही धरत नाही. हत्तीचा हुंकार पंधरा-सोळा कंपनांचा. अशा आवाजाची एक लाट वीस मीटरच्या वर लांब असते. एसटीच्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी. ती उठवायला हवा भरपूर ढकलावी लागते. नुसता स्पीकर उघड्यावर ठेवला तर पुढची हवा कडेनं मागे पळते आणि लाट जन्मायच्या आधीच मरते. म्हणून खोका लागतो. खोक्यात लांब बोगदा केला आणि त्याची लांबी लाटेच्या मापात बसवली, तर बासरीतली हवा जसा सूर धरते तसा खोका सूर धरतो. फक्त ही बासरी पाच मीटरहून लांब. ती घडीवर घडी घालून, पोटात आतडी बसावीत तशी, कपाटाएवढ्या खोक्यात बसवायची.

रत्नाकरनं आकृती काढली, मोडली, पुन्हा काढली. मग मरीन प्लायचे तक्ते टेबलावर आवळले आणि राऊटर सुरू केला. पातं ओरडत फिरत होतं, भुश्याचा पिवळा पाऊस पडत होता. प्रत्येक तिरक्या पडद्याला खाच, प्रत्येक खाचेला तिचा पडदा. कुठं नखाएवढी फट राहिली तर तिथून हवा शिट्टी मारते आणि सगळा जोर जातो. म्हणून सांधा न सांधा त्यानं गोंदानं भरला, हात फिरवून तपासला. स्पीकर त्याचे जुनेच, जत्रेतले. अॅम्प्लिफायरमध्ये फार खालचा आवाज अडवणारी जी सोय असते ती त्यानं काढून टाकली. ते काम करताना तो शीळ घालत होता. किती तरी वर्षांनी त्याला साउंडचं काम मिळालं होतं.

एका दुपारी खोका टेम्पोवर चढवून त्यांनी शेडच्या मागच्या माळावर नेला. वैजूनं आवशीची हाक लावली.

ऐकू काहीच आलं नाही. शेडचे पत्रे मात्र थरथरले. बादलीतल्या पाण्यावर बारीक नक्षी उठली. रत्नाकरला छातीच्या आत कोणीतरी तळहात ठेवल्यासारखं वाटलं. भीती नव्हती ती. लहानपणी आईच्या पाठीशी कान लावून झोपलं की ती बोलताना जे कळायचं, तसं काहीतरी. त्यानं वैजूकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“अशी बोलता ती,” वैजू म्हणाली.

तेवढ्यात लॅपटॉपच्या पडद्यावर दुसरी रेघ उठली. मग तिसरी. रानातले कान कोणाचं तरी उत्तर पाठवत होते.

दिवस मावळायच्या आत कळप माळाच्या वरच्या टेकाडावर येऊन उभा राहिला. पुढं आवस, तिच्या पोटाखाली तिचं धाकटं पिल्लू, वैजूनं ‘बारकी’ नाव ठेवलेलं, मागं आवशीच्या मुली. ते सोंडा उंच करून वास घेत होते. इथून आपल्याला कोणी बोलावलं हे त्यांना कळत नव्हतं. बराच वेळ थांबून ते परत वळले.

वैजूचा चेहरा उतरला होता. “दादा, ह्या आपणाक नको. ही तिची हाक आसा. आपण तिच्या तोंडान बोलाचा नाय. खोको बंद करून ठेव.”

“ठेवतंय,” रत्नाकर म्हणाला, आणि त्या वेळी ते मनापासून म्हणाला.

खोक्याची आकृती त्यानं तिला आठवण म्हणून पेनड्राइव्हवर घालून दिली. हाकेचं ध्वनिमुद्रण त्याच्या संगणकात तसंच राहिलं.

काजूच्या हंगामात हत्ती सोनवळात शिरले. बाबलकाका गावचा सरपंच. त्याची अख्खी केळीची बाग एका रात्रीत सपाट झाली. दोनच दिवसांनी बिया वेचायला गेलेली कृष्णाबाई वाटेवर मेलेली सापडली. तिच्या अंगावर पाय पडला होता. तिला पोचवून आलेले लोक घरी न जाता रत्नाकरच्या शेडीत आले. माळावर हत्ती का आले होते ते गावाला तोवर कळलं होतं.

“फटाके झाले, मशाली झाल्या, मिरचीचो धूर झालो,” बाबलकाका म्हणाला. “तुझ्याकडे तिची हाक आसा. तू खिंडीत जा, आणि सांग तेंका चला म्हणान. कोणाक मारूचा नाय, कोणाक दुखवूचा नाय. ह्याच्यापेक्षा बरा काय आसा?”

“खिंडीपलीकडे माझी भयण आसा, काका.”

“खिंडीपलीकडे रान आसा. किंजळवाडी थयसून केवढी लांब! आणि कृष्णाबायच्या जागी उद्या कोण, ता सांगशीत?”

रत्नाकरनं कृष्णाबाईच्या मुलाकडे पाहिलं. तो कोपऱ्यातल्या तक्त्यांवर बसून भुसा हातात घेत होता आणि सोडत होता. खिंडीपलीकडे खरंच रान होतं. तेवढं खरं मनाशी धरून रत्नाकर उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खोका खिंडीत नेला, त्याचं तोंड सोनवळाकडे केलं आणि आवशीचा ‘चला’ लावला. थोड्या वेळानं खालची झाडं हलू लागली. कळप चढण चढून आला, खिंडीतून त्याच्या अगदी डोळ्यांसमोरून पार झाला आणि पलीकडे उतरला. आवशीच्या मुली पुढं होत्या. आवस मागून येत होती, थांबत थांबत, मान वळवून. आपण न दिलेल्या हाकेच्या मागून ती चालली होती, कारण सगळे चालले होते.

त्या संध्याकाळी सोनवळानं नारळ देऊन रत्नाकरचा मान केला.

चार दिवसांनी वैजूचा फोन आला. “दादा, सगळो कळप आमच्या हय इलो. लवूची निम्मी सुपारी आडवी केली. आवशीन वाट कित्या बदलली काय कळना नाय.” मग जरा थांबून, “तू तो खोको लावलंस नाय मा?”

“नाय गो. शेडीत पडलो आसा. धूळ बसली तेच्यावर.”

“माका वाटलाच,” वैजू म्हणाली. तिच्या आवाजात इतका सुटकेचा भाव होता, की रत्नाकरला फोन ठेवल्यावरही तो कानाशी धरून बसावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात पुन्हा फोन आला. “त्या दिवशीच्या नोंदी बघितल्या. आवस दोन जागी बोलता. एकाच वेळी. एक खिंडीत, एक खालच्या व्हाळात, पाण्याकडे. आणि तू माका सांगलंस धूळ बसली,” एवढं बोलून तिनं फोन बंद केला. नंतर त्यानं खूप वेळा लावला. तिनं उचलला नाही.

लवू नाईक तसा वाईट माणूस नव्हता. बायकोचा थोरला भाऊ म्हणून तो रत्नाकरला मान द्यायचा, चतुर्थीला त्याच्यासाठी आठवणीनं वाल घेऊन यायचा. पण सुपारीचं झाड फळायला वर्षं लागतात, आणि ते उपटायला हत्तीला एक हिसका पुरतो. वैजूच्या नकळत त्यानं तिचा पेनड्राइव्ह घेतला, लॅपटॉपमधून हाक घेतली आणि सावंतवाडीच्या एका कारखान्यात राऊटरवर खोका कापून आणला. आकृती एकदा संगणकात असली की कापणारा कोण, याला महत्त्व राहत नाही.

“दादानू,” त्यानं फोन करून सांगितलं, “तुमी धाडलात ते परत धाडतंय. राग मानू नकात.”

हत्ती परत आले. रत्नाकरनं परत पाठवले. लवूनं पुन्हा. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून, मग ज्याला जशी सवड होईल तसं. आजूबाजूच्या गावांना कुणकुण लागली. ती माणसं टेम्पो घेऊन रत्नाकरच्या शेडीत आली. त्यानं पहिल्याला नकार दिला. तो माणूस सावंतवाडीला जाऊन लवूच्याच आकृतीचा खोका घेऊन आला. त्यानंतर रत्नाकरनं कोणाला नाही म्हटलं नाही. आपण नाही तर दुसरा, असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. पावसाळा सरेपर्यंत डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर एकेक खोका जाऊन बसला. सगळ्यांतून एकच म्हातारी मादी बोलत होती.

एकदा बाबलकाकाच्या नव्या केळीला घड धरले होते आणि लवू खिंडीत जाणार असल्याची बातमी आली. रत्नाकरनं त्याला फोन केला. “भावजीनू, आज खिंडीत जाव नकात. फॉरेस्टचे गार्ड बसलेत. खोको जप्त करतले.” लवू घरी राहिला. त्या दिवशी रत्नाकरनं खिंडीतल्या रानात थांबलेले हत्ती निवांतपणे किंजळवाडीकडे लावले. खिंडीत गार्ड नव्हते, हे लवूला दुसऱ्या दिवशी कळलं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी आटतं. सोनवळ आणि किंजळवाडी यांच्यामध्ये, खिंडीच्या खालच्या अंगाला, धरणाचं एक बोट आत शिरलेलं आहे; वैशाखात तिथं पाणी कमी आणि चिखल जास्त. कळप तिथं उतरला होता. सकाळी सोनवळानं एका काठाच्या डोंगरावरून हाक लावली. किंजळवाडीनं दुसऱ्या काठावरून. दोन्हीकडे रिकाम्या बागांचे मालक उभे होते आणि कोणी मागं हटायला तयार नव्हता.

हत्ती एका काठाला निघाले, मध्येच फिरले, दुसऱ्या काठाला निघाले. ऊन चढलं. खोक्यांच्या बॅटऱ्या बदलल्या गेल्या. पुन्हा पुन्हा तुडवून चिखल मऊ झाला. दुपारच्या सुमाराला बारकी त्यात पोटापर्यंत रुतली. तेव्हा कुठं दोन्ही डोंगर बंद झाले. आवशीनं तिला सोंडेनं उचलायचा प्रयत्न केला, खालून पाय घातला, कडेला बसून ढकललं. माणसांना जवळ जाता येत नव्हतं. जेसीबी यायच्या आधीच पिल्लाची मान पडली.

काठावर रत्नाकर उभा होता. पलीकडच्या काठावरून वैजू कडेकडेनं, गुडघाभर चिखलातून चालत त्याच्यापाशी आली. वर्ष होत आलं होतं त्यांनी एकमेकांना पाहिल्याला.

“तिका आपलोच आवाज दोन्ही डोंगरातसून येय होतो,” ती म्हणाली. “ती मधी उभी. तिची पोरां एकदा हय धावत, एकदा थय धावत. आणि ती आपली ओरडता, मी हय आसंय, मी हय आसंय. पडद्यावर दिसत होता माका. ता कोण आयकतला?”

“भावजीनी पण लावलेलो...”

“तेका मी घराकडे बघतलंय.” तिनं हाताचा चिखल पदराला पुसला. “तू माका वाढवलंस रे, दादा.”

ती आली तशी परत गेली. लांबून तिचं चालणं थेट आईसारखं दिसत होतं.

त्यानंतर हत्तींनी ऐकायचं सोडलं. सुरुवातीला ते ‘चला’ ऐकून जागच्या जागी थबकायचे. मग तेही थांबलं. गावं खोक्यांचा जोर वाढवत गेली, पत्रे निखळले, एका घराची भिंत तडकली, पण एक हत्ती हलेना. लोकांना वाटलं खोके बिघडले. रत्नाकरनं दोन उघडून पाहिले. ते ठीक होते.

बिघडलं होतं ते दुसरंच, आणि ते फक्त वैजूच्या पडद्यावर दिसत होतं. खरी आवस रोज ‘चला’ म्हणत होती. त्याला उत्तर येत नव्हतं. ती हाक आता तिच्या मुलींच्या लेखी वाऱ्यासारखी झाली होती: येते, जाते. आवस कुठं पाणी आहे ते जाणत होती, कुठल्या वाटेनं घाटावर जाता येतं ते जाणत होती, आणि ते कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती. आधी एक मुलगी वेगळी झाली, मग दुसरी. पावसाआधीच कळप फुटला. एकेकटे हत्ती वाट फुटेल तिकडे फिरू लागले. अंगणात यायचे, रस्त्यावर यायचे. पूर्वी कळप कुठं आहे हे गावाला माहीत असायचं. आता कुठल्या झाडामागं कोण उभं असेल, काही सांगता येत नव्हतं.

लवूचा मात्र खोक्यावरचा विश्वास गेला नव्हता. आपण नीट जागी लावत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. खिंडीच्या वरच्या टोकावर, जिथून दोन्ही दऱ्या दिसतात, तिथं एकदा लावून बघायचं त्यानं ठरवलं.

त्या दिवशी दुपारी रत्नाकर त्याच डोंगरावर, सोनवळाच्या बाजूनं चढून माथ्याशी आला होता. शेडीत त्याचं मन लागत नसे, म्हणून तो हल्ली असाच कुठंही चढून बसायचा. किंजळवाडीकडून येणाऱ्या पायवाटेच्या कडेला, करवंदीच्या जाळीआड त्याला काहीतरी राखाडी दिसलं. आवस होती. एकटी. कान हलवत नव्हती, सोंड हलवत नव्हती. आणि वाटेच्या खालच्या वळणावर, डोक्यावर खोक्याची बॅटरी घेऊन चढणारा लवू.

रत्नाकरनं फोन लावला. “भावजीनू, थयच थांबा! वर येव नकात. आवस आसा वाटेर, जाळीत. मी बघतंय तिका.”

पलीकडे धाप लागलेला श्वास ऐकू आला, मग हसू. “दादानू, गेल्या टायमाक गार्ड होते. ह्या टायमाक आवस काय?”

“आवशीची शपथ, भावजी! माझ्या आवशीची!”

“कुठच्या आवशीची ता सांगा,” लवू म्हणाला आणि फोन बंद केला.

रत्नाकर ओरडत उतारावरून धावला. वारा त्याच्याकडे येत होता. आवाज मागं जात होता. पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. लवू जाळीच्या पुढं दहा पावलं गेला, तेव्हा आवस बाहेर आली. तिनं सोंडेचा आवाज केला नाही, काही नाही. काम करावं तसं ते झालं. मग ती बाजूला होऊन उभी राहिली, आणि फोन वाजायचा थांबेपर्यंत तिथंच होती.

लवूच्या बाराव्यालाही रत्नाकर उंबऱ्याच्या आत गेला नाही. अंगणात एका कडेला उभा राहिला. त्यानं फोन केला होता, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. वैजूनं लवूच्या फोनवर ते पाहिलं असणारच. ती बाहेर आली नाही.

पंधरवड्यानं रेंजर शिंगाडे रत्नाकरच्या शेडीत आले. थकलेला, हळू बोलणारा माणूस. उभ्या उभ्याच म्हणाले, “आवशीबद्दल निर्णय झालाय. एक तर तिला पकडून हत्तींच्या कॅम्पात न्यायचं, नाही तर गोळी. पकडायचं तर बेशुद्ध करायला लागेल, आणि ती उताराला असताना इंजेक्शन मारलं तर गडगडून मरेल. खिंडीतल्या सपाटीवर ट्रक येतो. तिथं ती यायला हवी. पण ती कशालाच येत नाही.”

“हाकेक आता कोण येवचा नाय, साहेब.”

“एका आवाजाला येईल, असं तुमची बहीण म्हणते. त्याचा सूर वेगळा आहे, त्यासाठी खोका नव्यानं करावा लागेल. माप तिनं लिहून दिलंय.” त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “तुम्हीच करा असं काही ती म्हणाली नाही. पण दुसरं कोण करणार?”

पिल्लाचा आवाज आईच्या आवाजाहून चढा असतो, तरी माणसाच्या कानाखालचाच. खोका लहान लागणार होता. रत्नाकरनं चिठ्ठी वाचली. कृष्णाबाईचं घर शेडीच्या दारातून दिसत होतं. गोळी घातली तर आवस मरेल. नाही घातली तर आणखी कोणीतरी मरेल. त्यानं तक्ता टेबलावर आवळला आणि मशीन सुरू केली. या वेळी शीळ नव्हती.

ठरलेल्या सकाळी खिंडीत ट्रक, क्रेन, डॉक्टर आणि वनखात्याची माणसं झाडांआड थांबली. वैजू लॅपटॉप घेऊन आली होती. कपाळ मोकळं होतं. रत्नाकरनं खोका सपाटीच्या मध्ये ठेवला, तारा जोडल्या.

“झाला,” तो म्हणाला.

“जरा डावीकडे फिरव,” ती म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिनं बारकीची हाक लावली. आईपासून लांब पडलेलं पिल्लू करतं ती. कुठल्या तरी जुन्या सकाळी, कुठल्याशा कानानं टिपलेली.

माणसांना काही ऐकू आलं नाही. पण फार वेळ गेला नाही. खालच्या रानातून झाडं मोडल्याचा आवाज येऊ लागला. एवढं म्हातारं जनावर चढणीवर धावू शकतं, हे तिथल्या कोणाला खरं वाटलं नसतं. आवस सपाटीवर आली, खोक्यापाशी आली आणि त्याच्याभोवती फिरू लागली. एकदा, दोनदा. सोंडेनं तिनं खोक्याची पाठ चाचपली, कडा चाचपल्या. मग त्याच्या तोंडातून सोंड आत घातली आणि आत आत शोधत राहिली.

डॉक्टरांनी बंदूक झाडली. सुई तिच्या मांडीत बसली. तिनं वळूनही पाहिलं नाही.

“बंद कर,” वैजू म्हणाली. रत्नाकर तिच्याकडे वळला. “बंद कर, दादा. आता बंद कर.” लॅपटॉप तिच्या मांडीवर होता, पण तिचे हात चालत नव्हते.

रत्नाकरचा हात तारेकडे गेला. शिंगाड्यांनी तो धरला. “नको. आत्ता थांबवलं तर ती उताराकडे पळेल. औषध चढेपर्यंत चालू राहू दे.”

रत्नाकरनं सपाटीच्या कडेकडे पाहिलं. तिथून खाली सरळ दरी होती. शिंगाडे म्हणत होते ते बरोबर होतं. त्यानं हात मागे घेतला.

म्हणून खोका चालू राहिला. आवस त्याच्यापाशी उभी होती. पिल्लू आतून बोलावत होतं आणि ती सोंड काढायची, भोवताली बघायची, पुन्हा आत घालायची. मध्येच तिनं खोका पायानं स्वतःच्या पोटाखाली ओढून घेतला. तिचे मागचे पाय वाकले. मग पुढचे. पडतानाही ती कुशीवर पडली, खोक्यावर नाही.

क्रेननं तिला उचललं, साखळ्या लागल्या, ट्रक पलीकडच्या रस्त्यानं निघून गेला. माणसं पांगली. कोणी जेवणाचं विचारत होतं. रत्नाकरच्या तेव्हा लक्षात आलं की पायाखालची जमीन अजून बारीक थरथरते आहे. त्यानं जाऊन बॅटरीची तार ओढून काढली.

मान वर केली तेव्हा वैजू किंजळवाडीच्या उताराला लागली होती, लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्याच अंतरावर. रत्नाकर बघत राहिला. ती वळणावरच्या काजूआड गेली. मग त्यानं खोका टेम्पोत चढवायला कोणी हात देतंय का ते पाहिलं, आणि कोणी नव्हतं म्हणून एकट्यानंच तो ओढायला सुरुवात केली.